दोन पाईप माती

बावीस वर्षं मी बोअरच्या गाडीवर काढली. त्यात डावा कान गेला, छातीत दगडाची भुकटी बसली, आणि त्या बदल्यात एक माहिती मिळाली जिचा कुणाला काही उपयोग नाही असं मला आत्ताआत्तापर्यंत वाटायचं. आमच्या पंचक्रोशीत कुठल्या शेताखाली किती खोलीवर खडक आहे, हे मला तोंडपाठ आहे.

बोअर मारताना वरची माती ढासळून भोकात पडू नये म्हणून आधी मोठा पाईप उतरवावा लागतो. त्याला केसिंग म्हणतात. खडक लागला की केसिंग थांबवायचं, कारण खडकातलं भोक स्वतःच्या जोरावर उभं राहतं. म्हणजे एखाद्या शेतात केसिंग किती लागलं हे सांगितलं की तिथं माती किती खोल आहे हे आपोआप कळलं. आमचा एक पाईप वीस फुटांचा. मी माणसांची नावं विसरतो, पण त्यांचं केसिंग विसरत नाही. लग्नाच्या मांडवात कुणी हात जोडले की माझ्या डोक्यात आधी येतं, अरे, हा दीड पाईपवाला.

आमचं गाव औंढ्यापासून थोडं आत, पूर्णेला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठावर आहे. गाव नदीलगत काळ्या जमिनीवर, आणि आमची वस्ती गावाबाहेर माळावर. माळावर वीतभर लाल मुरूम उकरला की खाली काळा पत्थर. तिथं केसिंग नावालाच. आमच्या आज्या-पणज्यांना तिथं कुणी बसवलं आणि काहून बसवलं, हे सांगत बसत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं. बकरी बांधायला खुंटा ठोकायचा तरी पहार शोधावी लागे, आणि पाणी तर खालून डोक्यावर आणावं लागे. माझा बाप जन्मभर एकच गोष्ट बोलत गेला, की एकदा तरी खाली गावात घर बांधायचं. ते न बांधताच तो गेला.

मी बांधलं. नदीकडच्या आळीतलं एक कुटुंब शहरात राहायला गेलं आणि त्यांची जागा निघाली. त्यांच्या भावकीनं थोडी खळखळ केली, चार दिवस कुणी बोललं नाही, मग सगळे बोलायला लागले. त्या जागेत बोअर मी माझ्याच गाडीनं, माझ्याच हातानं मारला. आधी काळी माती, मग पिवळी चिकण, मग वाळूचा एक थर, परत चिकण. एक पाईप गेला. दुसरा संपत आला तेव्हा कुठं हातोड्याचा आवाज बदलला आणि राखाडी भुकटी वर आली. चाळीस फूट! मला इतका आनंद झाला की मी गाडीवरच्या पोरांना जिलेबी आणून खाऊ घातली. चाळीस फूट खोल माती, आणि ती आमच्या नावावर.

गवंडी म्हणाला, काळ्या मातीवर पाया धरत नाही, ती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून पायाची माती काढून आम्ही तिथं मुरूम भरला, तोही आमच्याच माळावरचा. मी सगळ्यांना सांगत फिरलो की माझं घर मुरमावर उभं आहे. मुरूम सहा फूट होता. त्याच्या खाली चौतीस फूट काय होतं ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरी मी मुरमावर उभं आहे असंच म्हणत राहिलो. माणसाला स्वतःचं घर बांधताना अक्कल गहाण ठेवावी लागते बहुतेक.

घर झाल्यावर मायला माडी पाहिजे होती. "वरून आख्खं गाव दिसलं पायजे," म्हणाली. दोन वर्षांनी माडीही चढवली. ती वरच राहायला लागली. खाली अंगणात तिनं शेवगा लावला, कढीपत्ता लावला, वांगी लावली, आणि पहिल्याच दिवशी मातीत बोट खुपसून मला हाक मारून दाखवलं, "बोट जातंय रे आत!" तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते बघून मला वाटलं, बापाचं ऋण फिटलं.

पुढं जमीन बोलायला लागली.

आमच्या जिल्ह्यात आता कुणाला याचं नवल राहिलेलं नाही. कधी वसमतकडं, कधी कळमनुरीकडं, कधी आमच्याकडं. आधी जमिनीच्या पोटात गुडगुड होते आणि मग भांडी वाजतात. दर वेळी मुंबई-पुण्याहून नातलगांचे फोन, "तुमच्याकडं जाणवला का?" दर वेळी मोबाइलवर कुणीतरी पाठवतो की आज संध्याकाळी मोठा होणार आहे. शाळेची पोरं मैदानात बसून परीक्षा देतात. पहिल्या खेपेला माणूस घाबरतो, दहाव्या खेपेला चिडतो, आणि त्याच्यानंतर नुसता थकतो. मी बराच आधी थकलो होतो. चहाच्या हॉटेलात लोक माझ्याकडं बोट दाखवायचे, "तुमी बोअरवाल्यांनी जमिनीची चाळणी करून ठिवली. हालंल न्हाई तर काय करंल?" दुसरा म्हणायचा, सिद्धेश्वरच्या धरणाच्या पाण्याचं वजन आहे. मी गप्प चहा प्यायचो. मनात मात्र यायचं, बावीस वर्षांत आपण भोकं किती पाडली असतील?

यात एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. तो आवाज माळावर फार मोठा यायचा. खाली गावात गुडगुड, तर वर वस्तीत खाणीत सुरुंग उडाल्यासारखा धडाका. पत्रे थरथरायचे, लेकरं किंचाळायची. वस्तीतली माणसं हवालदिल झाली. एक चुलते माझ्याकडं आले. "बाबा, तू जिमिनीतला मानूस. सांग, काय करावं?"

मी सांगितलं. कुणी विचारलं की सांगायची मला खोडच. "तात्या, अंडी नेताना खाली भुसा घालतेत ते काहून? हिसका भुशात जिरतो. तुमी पत्थरावर बसलेत, म्हणून पत्थराचा दनका थेट तुमाला बसून राहिला. खाली या. माती धक्का खाती."

बोअरवाल्याचा शब्द, त्यामुळं कुणी शंका घेतली नाही. चार घरं बिछाने घेऊन माझ्या अंगणात उतरली. मायनं चहाची मोठी पातेली काढली. गावातले लोक बघत जायचे, आणि मला त्यात एक प्रकारचं समाधान वाटायचं, ते आज कबूल करतो.

त्या आठवड्यात एका सकाळी मोठा धक्का बसला. पोरांचे शाळेचे डबे भरायची वेळ होती. बायको लेकीच्या बाळंतपणाला परभणीला गेली होती, माय माडीवर वेणी घालत बसली होती, मी दारात दात घासत होतो. आधी खालून एक ठोसा आला. आवाज विशेष झाला नाही. मग जमीन आडवी सरकली आणि परत आली, पुन्हा सरकली आणि परत आली, आणि ते थांबेचना. मी दाराची चौकट धरली होती, ती माझ्या हातात इकडून तिकडं जात होती. वर बघितलं तर माडी झुलत होती. काँक्रीटची माडी झुलताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मग गच्चीच्या कठड्याचा एक तुकडा सुटला आणि अंगणात पडला, बरोबर त्या बिछान्यांवर. बिछान्यांवरची माणसं दहा मिनिटांपूर्वीच उठून पाण्याच्या टाकीकडं गेली होती. माझी हुशारी म्हणून वाचली नाहीत, टाकीला पाणी आलं होतं म्हणून वाचली.

माय भिंत धरत धरत जिना उतरली. अर्धी वेणी घातलेली, अर्धे केस मोकळे. माडीच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपा तडा गेला होता, त्यातून आभाळ दिसत होतं. गावात माळवदाची, म्हणजे जड मातीच्या छपराची, बरीच घरं फाटली. जीव कुणाचा गेला नाही, पण दोघातिघांचे हातपाय मोडले.

मला वाटलं, इथं हे, तर माळावर काय झालं असेल? आवाजावरून तर तिथं काही शिल्लक राहिलं नसणार. गाडी काढून वर गेलो. वस्तीत एक म्हातारा ओट्यावर बसून चहा पीत होता. विहाराच्या भिंतीला साधी चीर नव्हती. म्हातारा म्हणाला, "आवाज लई झाला बग, तोफ उडावी तसा. पन कप न्हाई सांडला." मी त्याच्या शेजारी बसलो. चार घरं मी या दगडावरून उठवून त्या कठड्याखाली नेऊन झोपवली होती.

आठवड्याभरानं कुठल्याशा कॉलेजातून एक पोरगी आली. सोबत एक ड्रायव्हर आणि दोन लोखंडी पेट्या. एक पेटी तिनं माळावर दगडाला चिकटवून ठेवली, दुसरी नदीकडच्या शेतात. पेटीत जमिनीची थरथर मोजायचं यंत्र होतं. तिला गावाखाली माती किती खोल आहे हे पाहिजे होतं. सरपंचानं तिला माझ्याकडं धाडलं. मी बाजेवर बसून सांगत गेलो, शाळेजवळ एक पाईप आणि वर थोडं, मारुतीच्या पारापाशी दीड, नदीच्या वळणावर तीन, माळावर काहीच नाही. दहाबारा ठिकाणं लिहून झाल्यावर तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, हे सगळं तुम्हाला पाठ आहे?"

"दुसरं काही पाठ झालं नाही," मी म्हणालो. मग तिला माझी भुशाची आणि अंड्यांची गोष्ट सांगितली, आणि त्या बिछान्यांचीही सांगितली. तोंड लपवून काय फायदा होता?

ती हसली नाही. म्हणाली, "खरवस खाल्लाय ना काका? खरवसाचं ताट चमच्यानं वाजवा. ताट हलल्याचं दिसतही नाही, वर खरवस मात्र थलथलतो. गाव खरवसावर आहे आणि वस्ती ताटावर."

मी विचारलं, मग एवढा आवाज? तिनं सांगितलं की आवाज म्हणजे बारीक, फार वेगाची थरथर. ती खडकातून जशीच्या तशी वर येते, म्हणून माळावर धडाका ऐकू येतो, पण त्यात हेलकावा फार नसतो. मऊ मातीत ती बारीक थरथर जिरून जाते. "आवाजापुरतं तुमचं बरोबर होतं, काका. माती आवाज खाते. पण मोठी, संथ लाट मातीत शिरली की तिचा वेग पडतो, आणि वेग पडला की तिचा जोर हेलकाव्यात निघतो. शिवाय ती वर येऊन परत खाली जाते, खडकावर आपटते, पुन्हा वर येते. मातीत अडकून पडते. म्हणून तुमच्याकडं लवकर थांबलं नाही."

मला ती चौकट आठवली, हातात इकडून तिकडं जाणारी.

मग तिनं माझ्या घराकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत. इथं केसिंग किती, विचारलं. मी दोन पाईप म्हणालो. तिनं वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि थोडी अवघडली. म्हणाली, प्रत्येक मातीच्या थराची डुलायची एक लय असते आणि प्रत्येक घराचीही असते. झोका त्याच्या लयीत ढकलत राहिलं की उंच जातो. चाळीस फूट मऊ माती आणि वर दोन मजले, या दोघांची लय जवळपास एकच पडते. "एकमजली घराची लय वेगळी असते, ते कमी झुललं असतं. अर्थात खडकावरचं घर ते खडकावरचं घर."

"आणि बोअर?" मी घाई करून विचारलं. "आमच्या बोअरनं हे होतंय का?"

"नाही हो काका. हे फार खालून येतं. तुमची भोकं त्याच्या हिशोबात नाहीत."

तेवढं एक ओझं उतरलं. बाकीचं मात्र बसलं. बावीस वर्षं मी त्याच मातीतून खाली जात होतो, हातोडा खडकावर बसला की माळावर पायाला फक्त मुंग्या यायच्या आणि काळ्या रानात गाडीसकट अख्खी जमीन गदगदायची. हे रोज पायाखाली होतं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला लागतो? मला मात्र कॉलेजातून पोरगी यावी लागली.

मी हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकीचं बोललो होतो, माळ बरा, गाव धोक्याचं. थट्टा व्हायची ती झाली. "काल खाली या म्हनला, आज वर जा म्हनतो. उद्या कुठं, झाडावर?" पण यंत्रवाल्या पोरीनंही तेच सांगितल्यावर लोक हलले. माझ्या अंगणातली चार घरं परत वर गेली, आणि त्यांच्या मागून गावातले लोकही पत्रे, ताडपत्र्या घेऊन माळावर चढायला लागले. ज्या माळावर त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कधी पाय ठेवला नव्हता, तिथं आता जागेसाठी ओळखी निघत होत्या.

त्यात पाटलांच्या घरची म्हातारी माझ्याकडं आली. तिचं माळवद बसलं होतं. नवरा लकव्यानं बाजेला खिळलेला. लेकं लांब नोकरीला, आणि म्हाताऱ्याला प्रवास सोसवत नव्हता. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

"तुमचं माळावरलं जुनं घर रिकामंच हाय म्हनं."

"व्हय, पाटलीनबाई. कुलूप हाय."

"मानसाला ठिवायला एक खोली मिळाली असती तर..."

मी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली. मायला विचारलं नाही. माय त्या वेळी माडीवर होती. किल्ली देताना मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. दया वाटली, हे खरं. पण त्याच्याहून जास्त, आपण मोठे झालो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मायला म्हणालो, आता आपणही वर जाऊ. त्या घराला दोन खोल्या आहेत, एकीत ते राहतील, एकीत तू राहा, मी येऊन जाऊन राहीन. ती लगेच तयार झाली. लुगड्यांचं गाठोडं बांधलं, औषधं घेतली, गाडीवर माझ्या मागं बसली. वर पोचलो. ती अंगणाच्या कडेला उतरली. घरात चूल पेटवायची भीती, म्हणून पाटलीणबाईनं अंगणात एक मोठा सपाट धोंडा बघून त्याच्यावर तीन दगड मांडले होते आणि भाकरी टाकत होती. मायला बघून ती उठली, पदर सारखा केला. म्हणाली, "या बाई. तुमचंच घर हाय."

माय चुलीकडं बघत राहिली. मग वळली, गाठोडं छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "चल. खाली चल."

मी गोंधळलो. रस्त्यात विचारलं, घरी विचारलं. ती जिना चढून तडकलेल्या माडीवर गेली आणि तिथंच राहिली.

पुढचे दहा-बारा दिवस मी मायशी भांडत होतो. रोज बारीकसारीक धक्के येत होते. दर धक्क्याला तड्यातून थोडा गिलावा गळायचा आणि तिच्या पांघरुणावर पडायचा. ती पांघरूण झटकायची. मी विनवण्या केल्या, ओरडलो, जेवलो नाही. लेकीला फोन लावून दिला, तर माय तिच्याशी बाळाच्या मालिशीचं बोलत बसली. परभणीला चल म्हणालो, तर म्हणाली, "पोरीच्या सासरी मी काहून जाऊ?" माझं वय झालेलं, छाती भरलेली, एका कानानं ऐकू येत नाही, आणि सत्तरी उलटलेल्या बाईला उचलून न्यायची वेळ आलेली. रोज सकाळी उठायचं आणि तोच वाद नव्यानं घालायचा. एकदा जिन्यात बसून मी लहान पोरासारखा रडलो. मला खरंच वाटत होतं की मी बांधलेलं घर माझ्या मायला मारणार आहे, आणि मी ते बघत बसणार आहे.

एक दिवस दुपारी माझा तोल गेला. मी म्हणालो, "मला कळतंय तुझं. पाटलीन तुझ्या आंगनात चूल मांडून बसली, हे बघवत न्हाई तुला. आयुष्यभर त्यांनी केलं तेच तू करून राहिलीस. माझ्या घरात नको, दारात नको. त्यांच्यात आन तुझ्यात फरक काय राहिला?"

ती कढीपत्ता निवडत होती. तिचा हात थांबला.

"त्या धोंड्याखाली तुझी भैन हाय," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी उजवा कान तिच्याकडं केला.

"तुझ्या आधीची. नऊ दिस जगली. तवा आमाला कुनी शेतात पुरू दिलं नसतं, आन माळावर पहार चालंना. तुझा बाप सकाळपून खोदत व्हता. दिस कलला तरी गुडघाभर खड्डा झाला न्हाई. तसंच ठिवलं. कुत्रं उकरंल म्हनून वर मोठा धोंडा टाकला. सपाट व्हता." तिनं कढीपत्त्याच्या काड्या एका बाजूला केल्या. "पाटलीनबाईनं तोच धोंडा चुलीला धरला. तिला काय म्हाईत?"

चाळीस फूट मातीचा एवढा गर्व करणारा मी. त्या अंगणात मी खेळलो होतो, त्या दगडावर बसून अभ्यास केला होता. माझ्या बापानं मला कधी त्यावरून उठवलंही नव्हतं. मी उभा राहिलो. म्हणालो, आत्ता जातो. चूल दुसरीकडं मांडायला सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे. मग तू चल वर.

तिनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं.

"सांगू नगंस. सांगितलं की त्यायला तिथं भाकर गिळनार न्हाई. उठून जातेल. लकव्याचा मानूस घिऊन जातेल कुठं? परत त्याच फुटक्या माळवदात. बसू दे त्यायला. मी न्हाई बसू शकत तिथं, तेवढंच. ते बघत बघत मला घास न्हाई जानार."

मी खाली बसलो. जागा त्यांना मीच दिली होती. शेवटी मी म्हणालो, "मग माडी उतरवतो. एक मजला ऱ्हायला तर कमी हालंल."

तिनं वर बघितलं. ज्या खिडकीतून तिला आख्खं गाव दिसायचं, त्या खिडकीकडं. "उतरव," म्हणाली.

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत मी तिची बाज खाली दाराजवळ आणली होती आणि माझी तिच्या शेजारी. वर घण बसायला लागले. प्रत्येक घावाला जमीन हलायची आणि मी दचकायचो. माय दचकत नव्हती. ती शेंगा सोलत होती. माझ्याकडं न बघता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "लई थंडी व्हती रे त्या सालात. नऊ दिस नुसती कुडकुडत व्हती. आता चूल हाय वर. ऊब लागत आसल तिला."

मी तिच्या पुढ्यातल्या शेंगांतली मूठभर उचलली आणि सोलायला बसलो.